हॅन्स बर्गर : मेंदूच्या लहरी टिपणारे डॉक्टर

हॅन्स बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीत झाला. सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले, थोडक्यात वाचले. त्याच दिवशी वडिलांची तार आली. दूर असलेल्या बहिणीला अचानक त्यांची काळजी वाटली होती! तिला कसं कळलं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना.

पुढे येना शहरात ते मनोविकारतज्ज्ञ झाले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. १९२९ साली लेख छापला, पण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३४ साली इंग्लंडच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी स्वतः प्रयोग करून ते खरं असल्याचं दाखवलं.

१९४१ साली बर्गर वारले. बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर काही सापडलं नाही. पण गाढ भुलीत लहरी संथ आणि मोठ्या होतात, म्हणून आज ऑपरेशनच्या वेळी भूल किती चढली हे ईईजीवरून डॉक्टरांना समजतं. मुलांच्या विचित्र प्रश्नांनाही म्हणूनच हसू नये.