गणेश दैवज्ञ

गणेश दैवज्ञ हे सोळाव्या शतकातील थोर ज्योतिर्गणिती होत. ते कोकणातील नांदगावचे. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हेही नामांकित ज्योतिषी व वेधकर्ते होते.

शके १४४२ (इ.स. १५२०) हे आरंभवर्ष धरून गणेशांनी ‘ग्रहलाघव’ रचला. ग्रहगणितासाठी प्रथम अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून लोटलेले दिवस, काढावे लागतात. कलियुगारंभापासून मोजल्यास ही संख्या १६ लाखांवर जाई. एवढ्या गुणाकार-भागाकारांत एक अंक चुकला तरी ग्रह चुके. गणेशांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजले. झालेली चक्रे वेगळी मोजावयाची आणि उरलेल्या दिवसांवर गणित करावयाचे. संगणकही अनेकदा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजूनच तारीख ठरवितो. मात्र ३२ बिटांत मावणारा तो आकडा २०३८ मध्ये भरतो. ग्रहलाघवातील दिवससंख्या चक्रागणिक पुन्हा लहान होते. ज्याकोष्टकांचा व्यापही त्यांनी टाळला, हे विशेष.

‘तिथिचिंतामणी’ व लीलावतीवरील ‘बुद्धिविलासिनी’ टीका (शके १४६७) हे त्यांचे अन्य ग्रंथ. परभणी जिल्ह्यातील पाथरी, म्हणजेच पार्थपूर, येथील मानले जाणारे ज्ञानराज यांचा ‘सिद्धांतसुंदर’ थोडा आधीचा, शके १४२५ चा. परंतु महाराष्ट्रातील पंचांगकर्त्यांनी पुढे शतकानुशतके हाताशी ठेवला तो ग्रहलाघवच.