केडगावची पंडिता : आज्ञापालनातून आनंदाकडे

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव स्थानकाजवळच्या ज्या माळरानावर पंडिता रमाबाईंनी मुक्तिसदन उभे केले, तेथेच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देहान्त झाला. स्त्रीशिक्षणाच्या अग्रणी म्हणून त्यांचे नाव देशभर घेतले जाते. त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेविषयी मात्र संकोचानेच बोलले जाते. वास्तविक त्यांच्या आयुष्याची गुरुकिल्ली त्या श्रद्धेतच आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळच्या अरण्यातील आश्रमात झाला. लोकमताचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविणारे अनंतशास्त्री डोंगरे हे त्यांचे वडील. ईश्वर प्रसन्न व्हावा म्हणून या कुटुंबाने तीर्थयात्रा, पुराणकथन, व्रते आणि दानधर्म यांत सर्वस्व वेचले. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण अन्नान्न दशेत निवर्तली. विधीत कोठेही कसूर न करणाऱ्या माणसांचा हा अंत पाहिलेल्या मुलीच्या मनात, देवाला नेमके काय हवे असते, हा प्रश्न घर करून राहिला.

बंधू श्रीनिवास यांच्यासह ती पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तिची विद्वत्ता पाहून तेथील पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढे श्रीनिवास गेले. बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण १८८२ मध्ये पटकीने त्यांचाही बळी घेतला. कन्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये वैद्यकशिक्षणाच्या आशेने इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे ती आशा मावळली.

वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या होत्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या भगिनी लंडनजवळच्या फुलहॅम येथे सन्मानाने सांभाळत. ते पाहून रमाबाई थक्क झाल्या. शोमरोनी स्त्रीशी ख्रिस्ताने केलेला संवाद त्यांनी शुभवर्तमानात वाचला, नीळकंठशास्त्री तथा फादर नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाने बुद्धीची खात्री पटविली आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याच काळात त्यांच्या सोबतीण आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथे आत्मघात केला. त्या आघाताची छाया या पर्वावर आहे, हे विसरता येत नाही.

पुढे जे घडले ते धर्मगुरूंना अपेक्षित नव्हते. नवदीक्षित शिष्येने संघाच्या वडीलधाऱ्यांचा शब्द प्रमाण मानावा, अशी त्यांची धारणा होती. रमाबाईंनी तसे केले नाही. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे त्या विचारीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचविले, तेव्हाही त्यांनी ते निमूटपणे मान्य केले नाही. सिस्टर जेराल्डिन यांना त्या प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत, पण पत्रांतून त्यांच्याशी कडाडून वादही घालीत. आज्ञापालन देवाचे करावयाचे आणि त्याची इच्छा आपल्या विवेकाने ओळखावयाची. कोणा बिशपाने ती परस्पर ठरवू नये, असा त्यांचा आग्रह होता. त्यांना हट्टी ठरविणाऱ्यांना या हट्टाचे मूळ दिसले नाही, असेच म्हणावे लागेल.

आनंद मात्र त्यांना लगेच लाभला नाही. अमेरिकेतून परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यास हलले. काम वाढत होते, नाव होत होते, तरी अंतःकरणात पोकळीच होती. आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही, अशी कबुली त्यांनी पुढे आपल्या साक्षीत दिली आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले की देवाची कृपा कर्माने कमवावयाची नसते, ती दान म्हणून स्वीकारावयाची असते. ज्या घराने देवाला संतुष्ट करण्यासाठी सारे वेचले, त्या घरच्या लेकीला हे समजण्यास इतका काळ लागावा, यात नवल नाही.

त्या आनंदाची परीक्षा लवकरच झाली. सदनातील मुलींवर धर्मांतराची सक्ती नव्हती, पण रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेचे दार बंदही नसे. यावरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची धास्ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. तरी रमाबाईंनी दार लोटले नाही. याच सदनातील सुरुवातीच्या विद्यार्थिनी गोदूबाईंचा त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेल्या मुली पाहताच रमाबाईंना स्वतःचे बालपण आठवले. अमेरिकन साहाय्य शारदा सदनापुरते होते, नव्या मुलींसाठी कसलीही तजवीज नव्हती. हिशेब पाहिला तर त्यांनी हात आखडता घेणेच शहाणपणाचे होते. पण हे देवाने सोपविलेले काम आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतजमिनीवर नेले. प्रथम राहुट्या, मग इमारती उभ्या राहिल्या. १९०० पर्यंत संख्या दीड हजारांच्या घरात गेली. मुली शेती करीत, विणकाम करीत, तेल गाळीत, छापखान्यात खिळे जुळवीत. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन होते. फुलहॅमला पाहिलेले दृश्य असे मराठी मुलखात अवतरले.

१९०५ मध्ये मुक्तिसदनात प्रार्थनेची मोठी लाट उसळली. रडणे, हसणे, रात्रभर गायन यांच्या वार्ता परदेशापर्यंत गेल्या. रमाबाईंनी मात्र उत्तरायुष्य निवांत कष्टांना वाहिले. सामान्य खेडूत स्त्रीला समजेल अशा मराठीत बायबल आणावयाचे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकून घेतल्या. हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. संस्कृतची ‘सरस्वती’ संस्कृत शब्द गाळीत बसली होती!

जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. कार्याची धुरा त्यांच्याकडेच जावयाची होती. त्यानंतर अवघे नऊ महिने रमाबाई जगल्या आणि त्या काळात त्यांनी भाषांतराचे काम पुरे केले. मुक्तिसदनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच जुळविलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.