कर्वे आणि रुग्णाचे गुपित

रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) डॉक्टर नव्हते. ते गणिताचे प्राध्यापक. तथापि १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या प्रचारापायी पुढे विल्सन कॉलेजातील नोकरी गमावली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. घरच्या वैद्यापाशी जे उच्चारण्याची सोय नव्हती, ते लोक या अनोळखी गणितज्ञाला पत्राने कळवीत. वैद्यकास ही गोष्ट खचितच भूषणावह नव्हती. १९३४ साली अशाच उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले, तरी २०० रुपये दंड झालाच. मासिक मात्र कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत चालले.

आज एचआयव्हीबाधितांच्या माहितीस २०१७ च्या, तर गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीच्या नावास २०२१ च्या सुधारित कायद्याचे संरक्षण आहे. परंतु इगतपुरीसारख्या, सारेच एकमेकांना ओळखणाऱ्या रेल्वेच्या गावात केसपेपरच्या खिडकीशी आजार मोठ्याने विचारला गेला, की कायदा तेथेच संपतो. गुप्तता ही डॉक्टरांची बाब, आपली नव्हे, अशी समजूत कारकून, परिचारिका वा औषध देणारा बाळगील, तोवर रुग्ण निमूटपणे नाशिकची गाडी धरील.