कलामहर्षी केकी मूस

एरंडोलहून कासोदा व भडगाव या वाटेने दक्षिणेस निघाले, म्हणजे गिरणा ओलांडल्यावर काही वेळाने चाळीसगाव लागते. आपल्याकडील बहुतेकांस या गावाची ओळख आहे ती रेल्वेचे जंक्शन म्हणून. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, आणि धुळ्याचा फाटा इ. स. १९०० साली येथूनच काढण्यात आला. गाडी बदलण्यासाठी तास दोन तास फलाटावर खोळंबलेल्या उतारूंपैकी फारच थोड्यांस हे ठाऊक असेल की, या स्थानकाजवळच्या एका दगडी बंगल्यात एक कलावंत सुमारे पन्नास वर्षे राहिला. त्याची चित्रे देशोदेशी फिरली, परंतु तो स्वतः आपल्या फाटकाबाहेर क्वचितच पडला. त्यांचे नाव कैखुश्रू माणेकजी मूस. लोक त्यांस केकी मूस म्हणत, आणि खानदेशात त्यांचा उल्लेख कलामहर्षी या पदवीने होतो. आमच्या शाळेतील मुलांस दूरदूरच्या थोर पुरुषांची चरित्रे तोंडपाठ असतात. आपल्याच जिल्ह्यातील हे चरित्र मात्र बहुतेकांच्या कानी पडलेले नसते, म्हणून ते येथे सांगण्याचे योजिले आहे.

छायाचित्रणकलेचा व आपल्या मुलुखाचा संबंध तसा जुना आहे. फ्रान्समध्ये दागेर याची कृती १८३९ साली जाहीर झाली, आणि पुरती पंचवीस वर्षे लोटली नाहीत तोच अजिंठ्याच्या लेण्यांपुढे कॅमेऱ्याची तिपाई उभी राहिली. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्यास १८४४ साली लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामी नेमले होते. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. त्याने वर्षानुवर्षे खपून रंगविलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्म झाल्या. त्याची छायाचित्रे मात्र १८६४ सालीच पुस्तकरूपाने निघाली होती. हा गिल १८७९ साली वारला व त्याची कबर भुसावळास आहे. जे डोळ्यांपुढे उभे होते त्याचे चित्र त्याने घेतले. आमच्या चरित्रनायकाने, उलटपक्षी, जे डोळ्यांपुढे मुळीच नव्हते त्याचे चित्र घेतले. ते कसे, हे पुढे येईलच.

केकींचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईस एका पारशी कुटुंबात झाला. वडील माणेकजी व आई पिरोजा ही उभयता चाळीसगावी येऊन राहिली होती व तेथे त्यांचे सोडावॉटर आणि मद्य यांचे दुकान होते. रेल्वेच्या आश्रयाने वाढलेल्या गावांतून असा व्यापार करणारी पारशी घराणी त्या काळी ठिकठिकाणी आढळत. केकींचे उच्च शिक्षण मुंबईच्या विल्सन कॉलेजात झाले. स्कॉटिश मिशनरी डॉक्टर जॉन विल्सन यांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतून वाढलेले हे कॉलेज चौपाटीसमोर उभे आहे. समुद्रावरील प्रकाश दर घटकेस कसा पालटतो हे पाहण्यास त्याहून सोयीची जागा मुंबईत विरळाच.

शिक्षण आटोपल्यावर मात्र घरात पेच उत्पन्न झाला. मुलाने चाळीसगावी यावे व दुकान सांभाळावे, अशी वडिलांची इच्छा. तर मुलाचा ओढा सारा चित्रकलेकडे, व पुढील शिक्षणासाठी विलायतेस जावे अशी त्याची आस. यात वडिलांस दोष देणे सोपे आहे. पण ते न्यायाचे होणार नाही. चार पैसे गाठीस बांधून ज्याने परक्या गावी बस्तान बसविले, त्यास आपल्या पश्चात ते कोण चालवील ही चिंता असणारच. आज हे पान वाचणाऱ्या पालकांपैकी ज्यांची शेती किंवा पेढी आहे, त्यांस ही चिंता समजावून सांगावयास नको. चित्रे काढून पोट भरते काय, हा प्रश्न त्या वेळी घरोघर विचारला जात असे, आणि अजूनही तो विचारला जातो.

पुढे माणेकजी वारले. आता दुकान तर मुलाच्या गळ्यात पडणे अपरिहार्यच होते, असे कोणासही वाटले असते. परंतु येथे पिरोजाबाईंनी जे केले ते, माझ्या मते, या सबंध चरित्रातील सर्वांत धीराचे कृत्य होय. त्यांनी दुकानाचा कारभार आपल्या अंगावर घेतला व मुलास विलायतेस धाडले. पतीमागे एकट्या राहिलेल्या बाईने, खानदेशातील त्या काळच्या एका लहान गावात, असला व्यापार स्वतः सांभाळावयाचा व त्याच्या मिळकतीतून मुलास हजारो कोस दूर चित्रकला शिकू द्यावयाची, ही गोष्ट लिहावयास एका ओळीची आहे. आचरावयास किती कठीण याचा विचार आयांनी करावा. केकी मूस यांच्या कौतुकाच्या लेखांतून या माउलीस बहुधा दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिले.

१९३५ साली केकी इंग्लंडास गेले व शेफील्ड येथील बेनेट कॉलेजाचा व्यावसायिक कलेचा, ज्यास कमर्शियल आर्ट म्हणतात, तो अभ्यासक्रम त्यांनी हाती घेतला. हा विषय आपल्याकडे पुष्कळांस नीटसा ठाऊक नसतो. भिंतीवर लावावयाची जाहिरात, पुस्तकाचे वेष्टन, साबणाच्या वडीवरील कागद, चहाच्या डब्यावरील चित्र, ही सारी या कलेची क्षेत्रे. अक्षर कोठे बसवावे, मोकळी जागा किती सोडावी, वस्तू कोणत्या अंगाने मांडली असता ती नजरेत भरेल, हे तीत शिकवितात. छायाचित्रण हा त्या अभ्यासक्रमातील एक विषय होता. या धाकट्या विषयानेच केकींचे मन जिंकले, आणि जो छंद म्हणून आरंभ झाला तो पुढे आयुष्याचा व्यवसाय होऊन बसला. अभ्यास संपल्यावर त्यांनी अमेरिका, जपान, रशिया, स्वित्झर्लंड इत्यादी देशांचा प्रवास केला, तेथील चित्रप्रदर्शने पाहिली व कलावंतांच्या कृतींचे निरीक्षण केले. पंचविशीच्या तरुणास याहून अधिक जग पाहावयास मिळणे त्या काळी दुर्मीळ होते.

आणि मग, १९३८ च्या सुमारास, ते चाळीसगावास परत आले. मुंबईस राहून जाहिरातींच्या धंद्यात त्यांस पैसा व नाव दोन्ही सहज मिळाली असती. ते त्यांनी केले नाही. आईच्या घरी ते येऊन राहिले, आणि एक-दोन प्रसंग वगळता ते पुन्हा त्या घराबाहेर पडले नाहीत. विवाहही त्यांनी केला नाही.

याच्या कारणाविषयी एक कथा चाळीसगावात लहानथोरांच्या तोंडी आहे. मुंबईस असताना त्यांचे एका तरुणीवर प्रेम होते, एके दिवशी आपण आगगाडीने येऊ असे तिने वचन दिले होते, आणि म्हणून रोज रात्री मेल गाडीच्या वेळेस ते बंगल्याचे दार उघडे ठेवीत, दिवे लावीत व दोघांचे पान मांडून वाट पाहत, अशी ती कथा. ऐकणाऱ्याचे हृदय हेलावते, यात संशय नाही. तथापि मला असे वाटते की, या कथेने त्यांच्या कलेवर थोडा अन्यायच केला आहे. केकी मूस म्हटले की लोक उघडे दार व आगगाडी यांविषयी तासभर बोलतात, आणि चित्रांविषयी विचारले असता गप्प राहतात. वाट पाहणारा मनुष्य रात्रीची घटका दोन घटका वाट पाहतो. बाकीच्या वेळी तो काय करीत होता, हे जाणणे अधिक उपयोगाचे आहे.

बाकीच्या वेळी ते मेजापाशी उभे असत. ज्या प्रकाराने त्यांस कीर्ती मिळवून दिली त्यास टेबल-टॉप छायाचित्रण असे म्हणतात. मेजावर लहान लहान वस्तू मांडून त्यांतून एखादा मोठा देखावा उभा करावयाचा, व त्याचे छायाचित्र असे घ्यावयाचे की पाहणाऱ्यास तो खराच वाटावा. पीठ, मीठ किंवा पिंजलेला कापूस यांचे बर्फ होते. वाळक्या काडीचा वृक्ष होतो. आरशाच्या तुकड्याचे तळे होते. ऐकताना हा पोरखेळ वाटतो. कोणी करून पाहावा, म्हणजे त्यातील अडचणी कळतील. भिंग वस्तूच्या जितके जवळ न्यावे, तितका नजरेचा स्पष्ट टप्पा आखूड होतो. पुढची काडी रेखीव दिसली तर मागची धूसर होते, आणि ही लबाडी आहे हे डोळ्यास तत्काळ उमगते. यावर उपाय असा की भिंगाचे छिद्र अगदी बारीक करावयाचे. परंतु छिद्र बारीक केले म्हणजे प्रकाश कमी येतो, व उघडीप बराच वेळ ठेवावी लागते. तेवढ्यात मेजास कोणाचा धक्का लागला की सारे श्रम फुकट. दुसरी अडचण सावलीची. खऱ्या जगात सूर्य एकच असतो. मेजावर दोन दिव्यांच्या दोन सावल्या पडल्या, की डोंगर हा डोंगर राहत नाही, मातीचे ढेकूळ होतो. तिसरी मापाची. पिठाचा एक कण जरी प्रमाणाबाहेर मोठा राहिला, तरी बर्फाचे पुन्हा पीठ होते.

या सर्वांवर मात करून त्यांनी जी चित्रे केली, त्यांत विंटर, म्हणजे हिवाळा, हे विशेष प्रसिद्ध आहे. बर्फाच्छादित प्रदेशाचा तो देखावा चाळीसगावच्या एका खोलीत मेजावर रचलेला आहे, हे सांगितल्यावाचून कोणास खरे वाटत नाही. ज्या गावी वैशाखात अंगाची लाही होते, तेथे बसून एका मनुष्याने स्वित्झर्लंडातील थंडी उभी केली. त्याने ती थंडी एकदा डोळे भरून पाहिली होती, आणि तेवढे एकदा पाहणे त्यास पुरले. व्यावसायिक कलेच्या अभ्यासात साबणाची वडी मेजावर कशी मांडावी व तिच्यावर उजेड कोणत्या बाजूने पाडावा, हे शिकवीत असत. तेच शिक्षण येथे कामी आले. फरक इतकाच की, या मेजावर विकावयाचे असे काहीच नव्हते.

आपल्या निवासास त्यांनी रेम्ब्राँट्स रिट्रीट असे नाव दिले होते. रेम्ब्राँट हा सतराव्या शतकातील डच चित्रकार. त्याच्या चित्रांतून बहुतेक पट अंधारात असतो व एका बाजूने आलेला उजेड मुखावर पडतो. छायाचित्रकारांत आजही एका प्रकारच्या प्रकाशयोजनेस त्याचे नाव आहे. तीत मुखाची एक बाजू उजळते व काळोख्या बाजूच्या गालावर प्रकाशाचा एक लहानसा त्रिकोण उमटतो. घरास गुरूचे नाव देणारा हा शिष्य व्यक्तिचित्रणातही निष्णात होता. ते स्वतः कोणाकडे जात नसत, म्हणून लोकच त्यांच्याकडे येत. आणि त्या येणाऱ्यांत पंडित जवाहरलाल नेहरूंसारख्यांचेही नाव आदराने घेतले जाते.

ते घरात बसून असत, तरी त्यांच्या चित्रांनी पुष्कळ प्रवास केला. छायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांची पद्धत अशी की, कलावंताने आपली चित्रे जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टपालाने पाठवावी, परीक्षकांनी ती पाहावी, आणि निवडलेल्या चित्रामागे प्रदर्शनाची चिठ्ठी लावून ते परत धाडावे. या मार्गाने चाळीसगावचे टपाल देशोदेशी गेले, व केकींस अनेक पारितोषिके व पदके घरबसल्या मिळाली. ज्या परीक्षकांनी ती दिली, त्यांपैकी बहुतेकांनी चाळीसगाव हे नाव नकाशावर शोधले तरी असेल की नाही, कोण जाणे!

छायाचित्रण हा त्यांचा मुख्य उद्योग असला, तरी तेवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. ते चित्रे रंगवीत, लाकूड व माती यांच्या मूर्ती घडवीत, कागदाच्या घड्यांतून आकृती करीत, सतार वाजवीत. ग्रंथांचा व गाण्यांच्या तबकड्यांचा त्यांचा संग्रह मोठा होता. ज्या एरंडोलच्या देशी कागदाची एके काळी दूरवर ख्याती होती, तेथील मुलांस तरी कागदाच्या घड्यांतही कला असते हे सांगावे लागू नये. आमच्या चित्रकलेच्या तासास कागद फुकट गेला म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, इतकेच.

इतके सर्व असूनही एक प्रश्न उरतोच, व तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इतके जग पाहिलेल्या मनुष्याने दार लावून घ्यावे, हे योग्य झाले काय? त्यांनी बाहेर पडून शिष्य तयार केले असते, एखादी शाळा काढली असती, तर खानदेशात कलेचे बी अधिक रुजले असते, असे म्हणणारे आहेत. आणि त्यांचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. पण असेही दिसते की, ज्या एकाग्रतेवाचून पिठाचे बर्फ होत नाही, ती एकाग्रता त्यांस त्या बंद दारामागेच लाभली. दोन्ही लाभ एकाच मनुष्याकडून मिळाले असते तर बरे झाले असते. तसे ते झाले नाही.

३१ डिसेंबर १९८९ रोजी, वर्षाच्या अखेरच्या दिवशी, चाळीसगावीच केकी मूस यांचे देहावसान झाले. त्यांचे वय तेव्हा सत्याहत्तर वर्षांचे होते. त्यांचा बंगला त्यांच्या स्मरणार्थ कलादालन म्हणून राखण्यात आला, आणि त्यांची छायाचित्रे, शिल्पे व संग्रहातील वस्तू तेथे जतन करण्यात आल्या. शाळेच्या सहली पाटणादेवीस अथवा पितळखोऱ्याची लेणी पाहावयास जातात, तेव्हा चाळीसगाव वाटेवरच लागते. रेल्वे स्थानकाजवळ कोणासही विचारले असता तो दगडी बंगला दाखवील. आत गेल्यावर हिवाळ्याचे ते चित्र पाहावयास विसरू नये. आणि शक्य तर ते मे महिन्याच्या दुपारी पाहावे.