कागदावरच्या बालविश्वाची शिल्पकार : केट ग्रीनअवे

ग्रंथालयाच्या बालविभागात आलेले मूल पुस्तक हाती घेते तेव्हा आधी चित्र पाहते. अक्षरांकडे ते मागाहून वळते. असे असूनही बालवाङ्मयाच्या इतिहासात लेखकाला जे मानाचे पान मिळते ते चित्रकाराच्या वाट्याला क्वचितच येते. त्याचे नाव बहुधा आतल्या पृष्ठावर लहान टाइपात छापलेले असते आणि ते वाचण्याची तसदी कोणी घेत नाही. या रीतीला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये एक ठळक अपवाद घडला. केट ग्रीनअवे हे ते नाव होय. पायघोळ झगे आणि कानांवरून हनुवटीखाली बांधलेली टोपडी घातलेल्या मुली, मोठ्या गळपट्टीचे सदरे घातलेली मुले, विटांच्या भिंतीमागची फुलबाग आणि तीत रमतगमत चाललेला त्यांचा खेळ हे या चित्रांचे जग आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही जुन्या काळाची गोडी म्हणून शुभेच्छापत्रांवर आणि कागदी बाहुल्यांच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा उमटत असते. ही गोडी पाहणाऱ्याला सहज वाटते. पण ती ज्या हातांनी निर्माण केली त्यांना ती सहज साध्य झालेली नव्हती.

केटचा जन्म १७ मार्च १८४६ रोजी लंडनच्या हॉक्स्टन भागात झाला. वडील जॉन ग्रीनअवे हे लाकडी ठशांवर चित्रे कोरणारे कारागीर होते. छायाचित्रे थेट छापण्याची सोय त्या काळी नसल्यामुळे वृत्तपत्रांतील चित्रे अशा कारागिरांच्या हातूनच वाचकांपर्यंत पोचत. 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या साप्ताहिकासाठी जॉन यांना रात्र रात्र जागून ठसे कोरावे लागत आणि लहानगी केट झोपेतून उठून त्यांच्याजवळ येऊन बसे. डिकन्सच्या 'पिकविक'साठी ठसे कोरण्याचे मोठे काम त्यांना मिळाले होते. परंतु प्रकाशकाचे दिवाळे निघाले आणि संसाराची घडी विस्कटली. ती सावरली आई एलिझाबेथ यांनी. त्यांनी इस्लिंग्टन येथे लेस, लहान मुलांचे कपडे आणि शोभेच्या किरकोळ वस्तू यांचे दुकान थाटले व ते नेटाने चालवून मुलांची शिक्षणे केली. वडिलांची कोरणी आणि आईची सुई ही केटची पहिली विद्यापीठे होती, असे म्हटले तर ते वावगे ठरू नये.

याच ओढगस्तीच्या दिवसांत केटला नॉटिंगहॅमशर परगण्यातील रोलस्टन या खेड्यात ठेवण्यात आले होते. पुढेही ती तेथे वारंवार जात असे. शहरातील पोशाखांच्या नव्या तऱ्हा या खेड्यात उशिरा पोचत. वडीलधारी शेतकरी मंडळी मागील पिढीचेच कपडे वापरीत. तेथील कुरणे, फुलांची कुंपणे आणि ते जुने पोशाख या मुलीच्या मनावर कायमचे कोरले गेले. तिच्या पुढील चित्रांतील खेडे हे याच स्मृतींतून उभे राहिलेले आहे.

लंडनच्या घरी तिच्यापाशी बाहुल्यांचा मोठा परिवार होता. लहानशा स्वस्त लाकडी बाहुल्यांना व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट अशी नावे देऊन ती त्यांच्यासाठी कपडे शिवी. त्याच सुमारास १८५७ सालच्या उठावाची चित्रे साप्ताहिकांतून येऊ लागली. मराठी वाचकाला सत्तावन सालाचे स्मरण झाशी, ग्वाल्हेर, कानपूर या नावांमुळे निराळ्याच भावनेने होते. लंडनमधील अकरा वर्षांच्या मुलीपर्यंत ते पोचले ते वडिलांच्या व्यवसायातील छापील कागदांतून, आणि भीतीचे रूप घेऊन. ती पाटीवर पळून जाणाऱ्या बायका-मुलांची चित्रे काढू लागली. प्रत्यक्षात काय घडले असेल ते असो. तिच्या पाटीवरची माणसे मात्र प्रत्येक वेळी सुखरूप निसटत, एकही कधी हाती सापडत नसे. चित्रातल्या मुलाला इजा होऊ द्यायची नाही हा तिचा हट्ट तेथपासूनचा आहे आणि तो तिने अखेरपर्यंत सोडला नाही.

बाराव्या वर्षी ती फिन्सबरी येथील कलाशाळेत जाऊ लागली. तेथील शिक्षण कारखानदारीला उपयोगी पडणारे नक्षीकार तयार करण्यासाठी आखलेले होते. भूमितीच्या आकृत्या आणि ठरावीक वेलबुट्ट्या वर्षानुवर्षे गिरवाव्या लागत. पुढे साउथ केन्सिंग्टन येथील राष्ट्रीय कलाशाळेत आणि १८७१ साली नव्यानेच निघालेल्या स्लेड या संस्थेत तिने अभ्यास केला. १८६८ मध्ये डडली गॅलरीत तिची चित्रे प्रथम मांडली गेली. त्यानंतर मार्कस वॉर्ड या प्रकाशनसंस्थेसाठी ती नाताळची आणि प्रेमदिनाची शुभेच्छापत्रे रंगवू लागली. त्यांतील एका पत्राच्या पंचवीस हजार प्रती काही आठवड्यांत खपल्या; चित्रकर्तीच्या हाती पडले सुमारे तीन पौंड! मूळ चित्रांवरील हक्काच्या प्रश्नावरून १८७७ साली हे संबंध संपले. तोवर मिळालेला मोबदला तुटपुंजा असला तरी लहान कागदात नेटके चित्र बसविण्याची हातोटी याच कामाने दिली होती.

याच काळात केटबाईंची स्वतंत्र शैली आकाराला आली आणि तिचे मर्म कपड्यांत होते. शतकाच्या आरंभीचे, छातीखाली चुण्या घातलेले झगे, मलमलीच्या ओढण्या आणि टोपडी त्या जुन्या नमुन्यांवरून स्वतः बेतीत, स्वतः शिवीत, समोर बसलेल्या मुलांना ते घालीत आणि मगच चित्र काढीत. लहानपणीच्या बाहुल्यांचाच हा खेळ आता कलेच्या पातळीवर गेला होता. येथे एका ऐतिहासिक गोष्टीची नोंद करावीशी वाटते. लंडनच्या फुलर या प्रकाशकांनी १८१० साली छोट्या फॅनीची कथा सांगणारे एक पुस्तक काढले होते. त्यात कथेबरोबर वेगवेगळ्या पोशाखांतील कापून काढलेल्या आकृती होत्या आणि एकच सुटे मस्तक पाळीपाळीने त्यांत बसवायचे होते. पुस्तकरूपाने निघालेल्या कागदी बाहुल्यांच्या आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्या फॅनीचा काळ आणि केटबाईंनी आपल्या मुलांना दिलेल्या पोशाखांचा काळ एकच आहे. आजीच्या पिढीचे कपडे त्यांनी नातवंडांच्या अंगावर चढविले, आणि ते खरे वाटले याचे कारण ते आधी कापडात उतरले होते.

ही चित्रे आणि स्वतः रचलेल्या छोट्या कविता यांचे बाड घेऊन केटबाई वडिलांच्या ओळखीने एडमंड इव्हान्स या रंगीत छपाईतील कुशल मुद्रकाकडे गेल्या. इव्हान्स यांची पद्धत अशी : चित्राचे छायाचित्र लाकडी ठशावर घेऊन त्याच्या रेषा कोरायच्या, मग लाल, निळा, पिवळा आणि त्वचेचा रंग यांसाठी वेगवेगळे ठसे करून ते एकावर एक नेमके छापायचे. एक ठसा केसभर सरकला तरी मुलाचा गाल ओठांबाहेर रंगलेला दिसायचा. याच सुमारास, १८७८ साली, पुण्यात चित्रशाळेची स्थापना होऊन शिळाछापाने रंगीत चित्रे मराठी घरांत पोचू लागली होती. इकडे जे दगडाने साधले ते तिकडे लाकडाने साधत होते. 'अंडर द विंडो' हे केटबाईंचे पुस्तक १८७९ साली रौटलेज या प्रकाशनाने काढले. सहा शिलिंग किमतीच्या पुस्तकाच्या वीस हजार प्रती छापण्याचे धाडस इव्हान्स यांनी केले तेव्हा प्रकाशकांनी त्यांना हसण्यावारी नेले. परंतु दुसरी आवृत्ती छापून होण्यापूर्वीच पहिली संपली. इंग्रजी प्रतींची संख्या पुढे सत्तर हजारांवर गेली आणि फ्रेंच व जर्मन आवृत्त्याही निघाल्या.

पाठोपाठ १८८० साली वाढदिवसांची नोंदवही, १८८१ मध्ये 'मदर गूज', १८८४ मध्ये फुलांच्या भाषेवरील पुस्तक आणि १८८५ मध्ये 'मॅरिगोल्ड गार्डन' प्रसिद्ध झाले. १८८३ पासून छोटी सचित्र पंचांगे निघू लागली. १८९६ चा अपवाद वगळता ती १८९७ पर्यंत चालू राहिली. वाढदिवसांची ती नोंदवही आईच्या हाती पाहून रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांना बालकविता लिहिण्याची ऊर्मी झाली आणि त्यांचा प्रसिद्ध संग्रह त्यातून जन्मला. चित्रांतील झगे पाहून आया आपल्या मुलींसाठी तसेच झगे शिवून घेऊ लागल्या. लंडनच्या लिबर्टी या पेढीने त्या धर्तीचे बालपोशाख विक्रीस ठेवले. फ्रान्समध्ये तर या शैलीला केटबाईंच्या आडनावावरूनच नाव पडले. कापडावरून कागदावर गेलेला पोशाख असा पुन्हा कापडावर आला.

या लोकप्रियतेची दुसरी बाजू मात्र कडवट होती. भिंतीचे कागद, चिनी मातीची भांडी, फरशा, रुमाल यांवर त्यांची मुले परवानगीवाचून झळकू लागली. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन ब्रदर्स या पुस्तके, खेळणी व कागदी बाहुल्या बनविणाऱ्या कंपनीने तर त्यांच्या चित्रांवर बेतलेले मुलांनी रंगविण्याचे पुस्तकच बाजारात आणले. ब्रिटिश लेखक-कलावंतांना अमेरिकेत स्वामित्वहक्काचे संरक्षण १८९१ च्या कायद्यापर्यंत नव्हते. त्यामुळे दाद मागण्याची सोय नव्हती. मुले सर्वांच्या ओळखीची झाली, मोबदला मात्र बहुतांशी इतरांच्या खिशात गेला.

केटबाईंच्या चित्रांवर एक आक्षेप सातत्याने घेतला जातो, तो म्हणजे त्यांत जीवनाचे वास्तव नाही. इंग्लंडमध्ये पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत जाणे सक्तीचे करणारा कायदा १८८० साली झाला. त्यापूर्वी आणि त्यानंतरही असंख्य मुले कामावर जात होती. रस्त्यावरची ती मुले केटबाईंच्या बागेत आढळत नाहीत. चेहरे गंभीर आणि एकसारखे, पावले कच्ची, शरीररचनेचा अभ्यास तोकडा, हेही दोष टीकाकारांनी दाखविले आणि ते खोटे नाहीत. पण पाटीवरच्या मुलांना संकटातून सोडविणाऱ्या त्या मुलीचे स्मरण ठेवले तर या बागेचा अर्थ निराळा लागतो. हॉक्स्टनमध्ये जन्मलेल्या आणि घरातील ओढगस्त अनुभवलेल्या या स्त्रीला जगातील दुःख ठाऊक नव्हते असे नव्हे. मुलाला निर्भयपणे खेळता येईल अशी एक जागा तरी असावी, मग ती कागदाची का असेना, हा तिचा आग्रह होता.

थोर कलासमीक्षक जॉन रस्किन हे या कलेचे सर्वांत मोठे चाहते आणि सर्वांत कडक परीक्षकही होते. १८८० च्या आरंभी पत्रव्यवहार सुरू झाला, १८८२ च्या डिसेंबरात भेट झाली आणि १८८३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात रस्किन यांनी केटबाईंचा गौरव केला. शरीराचा, फुलापानांचा, दगडमातीचा अभ्यास करा, असा त्यांचा तगादा असे. केटबाईंच्या मनात त्यांच्याविषयी केवळ शिष्येचा आदर नव्हता, गाढ स्नेह होता. त्याला तशाच तोलाचा प्रतिसाद मिळाला नाही. १८८९ नंतर रस्किन यांची प्रकृती पूर्ण ढासळली आणि उत्तरे थांबली. तरीही जानेवारी १९०० मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चिमुकल्या रेखाचित्रांनी सजलेली केटबाईंची पत्रे त्यांना जातच राहिली.

१८८५ साली वास्तुशिल्पी नॉर्मन शॉ यांनी हॅम्पस्टेड येथे बांधून दिलेल्या घरात केटबाई आई, वडील व भाऊ यांच्यासह राहण्यास गेल्या. ब्राउनिंगच्या कवितेवरील 'हॅम्लिनचा पुंगीवाला' हे त्यांचे उत्तम सचित्र पुस्तक १८८८ मध्ये निघाले. मूळ कथेत मुले डोंगरात नाहीशी होतात. केटबाईंनी शेवटी त्यांना फुललेल्या झाडाखाली खेळताना दाखविले आहे. त्यानंतर मात्र अभिरुची पालटली. पुस्तकांचा खप उतरला, वडील १८९० मध्ये आणि आई १८९४ मध्ये गेली. जलरंगांची प्रदर्शने भरवून त्यांनी उपजीविका चालविली. परंतु ज्यांनी एकेकाळी पुस्तकांसाठी रांगा लावल्या तेच आता ती जुनाट म्हणू लागले होते. स्तनाच्या कर्करोगाने शरीर पोखरले असता जवळच्या माणसांनाही त्यांनी आजाराची पुरती कल्पना येऊ दिली नाही. ६ नोव्हेंबर १९०१ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मित्रमंडळींनी स्मारकासाठी निधी जमविला आणि त्यातून लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात एका खाटेची सोय केली. याहून उचित स्मारक सुचणे कठीण होते.

पुढे १९५५ साली ब्रिटनच्या ग्रंथालय संघाने उत्कृष्ट बालचित्रकारासाठी केट ग्रीनअवे पदक सुरू केले. त्याची निवड बालविभागाचे ग्रंथपाल करीत आणि १९५६ च्या पुस्तकासाठी पहिले पदक एडवर्ड आर्डिझोनी यांना मिळाले. २०२२ साली या पदकाचे नाव बदलून त्याला कार्नेगी यांचे नाव देण्यात आले. नावे अशी बदलतात, पदके पुसली जातात, अभिरुचीचे वारे फिरतात. केटबाईंची कागदी मुले मात्र अनोळखी ग्रंथपालांनी जपलेल्या फडताळांत सुखरूप आहेत. एका नाजूक कागदाचे आयुष्य शतकभर वाढविणे हे ज्या संस्थांचे काम, त्यांच्या शताब्दीच्या प्रसंगी या चित्रकर्तीचे स्मरण करणे म्हणजे त्या मूक कामाचेच ऋण मान्य करणे होय.