आकाशगंगेचा छायाचित्रकार

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरी एका छायाचित्रकाराच्या दुकानाच्या छपरावर एक भलामोठा कॅमेरा बसविलेला होता. त्या काळी विजेचे दिवे नव्हते. लहान छायाचित्र मोठे करावयाचे, तर प्रखर सूर्यप्रकाश हवा आणि तोही बराच वेळ. सूर्य तर क्षणभरही एका जागी थांबत नाही! म्हणून त्या कॅमेऱ्याचे तोंड सतत सूर्याकडे वळवीत राहण्यासाठी एक मुलगा नेमलेला असे. उन्हात बसून मुले पेंगू लागत आणि चित्र बिघडे. १८६६ च्या सुमारास या कामावर नऊ वर्षांचा एक मुलगा आला. तो मात्र पेंगत नसे. त्याचे नाव एडवर्ड इमर्सन बर्नार्ड.

एडवर्डचा जन्म १६ डिसेंबर १८५७ रोजी झाला. त्यापूर्वीच वडील वारले होते. घरी अठराविश्वे दारिद्र्य. शाळा त्याला मिळाली ती उणेपुरे दोन महिने. लिहावाचावयास आईनेच शिकविले. परंतु सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आणि घड्याळातील बारा यांत वर्षभर कमीअधिक अंतर पडत जाते, ही गोष्ट त्याने छपरावर बसून स्वतःच हेरली. पुढे त्याच दुकानात तो काचा धुणे, चित्रे छापणे ही कामेही शिकला.

१८७६ साली एका मनुष्याने त्याच्याकडून दोन डॉलर उसने घेतले व तारण म्हणून एक पुस्तक ठेवले. पैसे काही परत आले नाहीत; पुस्तक मात्र खगोलशास्त्राचे निघाले! मग बर्नार्ड यांनी पोटाला चिमटा घेऊन दुर्बीण विकत घेतली. रात्ररात्र जागून धूमकेतू शोधले आणि त्यांच्या बक्षिसांच्या पैशांतून लहानसे घर उभारले. १८८८ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत त्यांची नेमणूक झाली.

तेथे त्यांच्या हाती एक जुने भिंग आले. ते मुळात माणसांच्या तसबिरी काढण्यासाठी घडविलेले होते. त्याच भिंगाने १८८९ पासून त्यांनी आकाशगंगेची छायाचित्रे घेतली. अंधूक ताऱ्यांचा प्रकाश काचेवर उमटावयास कित्येक तास लागत. तेवढा वेळ दुर्बिणीला डोळा लावून एक तारा बारीक तारेच्या फुलीवर धरून ठेवावा लागे. किंचित चूक झाली, की साऱ्या ताऱ्यांच्या रेघा होत. छपरावरचे तेच काम. केवळ सूर्याच्या जागी तारे आले होते.

या छायाचित्रांत ताऱ्यांच्या दाटीमध्ये मधेच काळी रिकामी स्थाने दिसत. ती आकाशातील भोके असावीत, असे पुष्कळांस वाटे. प्रथम बर्नार्ड यांचाही कल तिकडेच होता. १९१३ च्या उन्हाळ्यात एका निरभ्र रात्री ते छायाचित्र घेत असता पृथ्वीवरचेच काही लहान ढग आकाशगंगेच्या आड आले. उजळ पट्ट्यावर ते शाईच्या डागांसारखे काळे दिसू लागले. आपल्या काचांवरील डागही असेच कशाचे तरी मेघ असतील, ही समजूत त्यांच्या मनात तेव्हा दृढ झाली. आज आपणांस ठाऊक आहे, की ते धूळ व वायू यांचे प्रचंड मेघ असून मागील ताऱ्यांचा उजेड अडवितात. १९१९ मध्ये बर्नार्ड यांनी अशा १८२ स्थानांची यादी प्रसिद्ध केली.

आकाशगंगेच्या निवडक छायाचित्रांचा ग्रंथ काढण्यासाठी १९०७ मध्येच त्यांना पैसा मिळाला होता. तरी ग्रंथ निघेना! छापखान्यातून येणाऱ्या चित्रांत अंधूक धूसर भाग नाहीसे होत आणि तेच तर दाखवावयाचे होते. उजेड थोडा वाढविला, तर काळे डाग फिके पडत. कमी केला, तर बारीक तारे बुडत. अखेर शाईने छापण्याचा नाद सोडून प्रत्येक चित्र छायाचित्राच्या कागदावरच उमटवावे, असे ठरले. ग्रंथाच्या ७०० प्रती काढावयाच्या होत्या. त्यांसाठी लागणारी ३५,७०० चित्रे बर्नार्ड यांनी एकेक करून स्वतः तपासली. इतका हट्ट कशासाठी, असे कोणासही वाटेल. पण चित्रातला खोटा डाग आकाशातील मेघ ठरला असता.

६ फेब्रुवारी १९२३ रोजी बर्नार्ड निधन पावले. ग्रंथ त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्यांची सहायक असलेली, त्यांच्या पत्नीची भाची मेरी कॅल्व्हर्ट आणि यर्कीझ वेधशाळेचे संचालक एडविन फ्रॉस्ट यांनी राहिलेले काम पुरे केले व १९२७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातील यादीत काळ्या मेघांची संख्या सुमारे ३५० वर गेली होती. मृग नक्षत्रात घोड्याच्या डोक्याच्या आकाराचा एक काळा मेघ आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला आजही बर्नार्ड ३३ म्हणून ओळखतात.