सात हजारांचे गहाणखत

ऑलिंपिक पदकाचे कौतुक कसे करतात हे आपल्या हैदराबादकरांना वेगळे सांगायला नको. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पी. व्ही. सिंधू रिओहून रौप्यपदक घेऊन आली आणि विमानतळापासून गच्चीबावलीपर्यंत उघड्या बसमधून तिची मिरवणूक निघाली. तेलंगण सरकारने पाच कोटी रुपये आणि घरासाठी जागा दिली. शेजारच्या आंध्र सरकारने तीन कोटी, अमरावतीत जागा आणि उपजिल्हाधिकाऱ्याची नोकरी देऊ केली. वर गोपीचंद अकादमीत सचिन तेंडुलकरच्या हातून तिला मोटारगाडीच्या किल्ल्या मिळाल्या. पोरीने घाम गाळला होता, मिळाले ते योग्यच झाले. पण त्या दिवसांत आपल्या घरांतल्या जुन्या माणसांना हटकून आठवला तो सातारा जिल्ह्यातला एक पैलवान. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्याने मिळवून दिले, आणि त्यासाठी झालेले कर्ज पुढे कुस्त्या खेळून फेडले. खाशाबा जाधवांचे चरित्र यंदाच्या स्मरणिकेत सांगायचे ठरवले ते याच आठवणीमुळे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. पाच भावांत सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, त्यामुळे तांबड्या मातीची ओळख पाटी-पेन्सिलीच्या आधीच झाली. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकत असताना १९४२ चे आंदोलन पेटले. सातारा जिल्ह्यात त्या वेळी काय वातावरण होते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे ही कामे या शाळकरी मुलाने केली. अभ्यासातही तो बरा होता. पैलवान म्हणजे अक्षरशत्रू अशी जी समजूत आपल्याकडे आहे ती खाशाबांना लागू पडत नाही. हायस्कुलानंतर ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले.

कोल्हापूर त्या काळी कुस्तीची पंढरीच होती. शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान, गल्लोगल्लीच्या तालमी, थंडाईची भांडी, पहाटेचे जोर-बैठका. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी या वस्तादांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले. अंगाने ते किरकोळच. उंची साडेपाच फुटांच्या आत-बाहेर, वजन पन्नास-पंचावन्न किलो. धिप्पाड मल्लांच्या मैदानात असा पोरगा उभा राहिला की प्रेक्षक आधी हसत. मग ढाक लागे आणि हसणारे गप्प होत. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडून त्याला कमरेवरून असा फेकायचा की पाठच जमिनीला लागावी.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला गेल्यावर या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर पाय ठेवला. यातली अडचण कुस्ती न पाहिलेल्या वाचकाला चटकन कळणार नाही. मातीतली कुस्ती चितपटीवर ठरते. समोरच्याची पाठ लागली की संपले, नाही तर झुंज चालूच. मॅटवर मात्र वेळ ठरलेली, गुण मोजलेले, पकडींचे नियम वेगळे, आणि पायाखाली माती नसून गादी. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो निसटतो. तिथे त्यांना रीस गार्डनर नावाचा अमेरिकन प्रशिक्षक लाभला. त्याने जे काही शिकवले ते या मुलाने थोड्या दिवसांत इतके उचलले की फ्लायवेट गटात तो सहावा आला. सहाव्या क्रमांकाला पदक नसते, पण मातीतून थेट गादीवर गेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाने जगात सहावे येणे ही लहान गोष्ट नव्हती. (लंडनला ही कुस्ती चालली होती तेव्हा आपले हैदराबाद अजून निजामाचेच होते. पोलीस कारवाई व्हायला महिना-दीड महिना होता.)

परत आल्यावर खाशाबांनी तालीम वाढवली आणि वरच्या वजनगटात, बँटमवेटमध्ये, उतरायचे ठरवले. पण १९५२ च्या हेलसिंकीची वाट सरळ नव्हती. निवडीच्या वेळी एका गुणाने त्यांना मागे टाकण्यात आले. पंचांनी पक्षपात केला अशी त्यांची खात्री होती. तेव्हाच्या खेळ-संघटनांत दक्षिण महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या पोराचे ऐकणार कोण? खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळाचे शौकीन आणि ऑलिंपिक संघटनेचे प्रमुख. त्यांनी पुन्हा कुस्ती लावायला लावली. त्या कुस्तीत खाशाबांनी निरंजन दासला काही क्षणांत चितपट केले. चितपटीला गुण मोजावे लागत नाहीत.

निवड झाली तर पैसा नव्हता. १९४८ साली कोल्हापूर संस्थान होते, संस्थानाला महाराज होते आणि महाराजांना मल्लांचे वेड होते. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला होता आणि त्याच्या जागी सरकारी आश्रय अजून उभा राहिला नव्हता. आज केंद्राचे खेळ-मंत्रालय आहे, खेळ-प्राधिकरण आहे, खेळाडूंना दरमहा भत्ता आहे. त्या वेळी यातले काहीच नव्हते. मुंबई सरकारकडे चार हजार रुपये मागितले तेव्हा स्पर्धा झाल्यावर भेटा असे उत्तर आले, अशी हकीकत आजही कराडकडे सांगतात. मग गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी झोळी फिरवली. कुणी रुपया दिला, कुणी धान्य. तेवढ्याने हेलसिंकी गाठता येणार नव्हती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

या एका माणसाविषयी खरे तर स्वतंत्र लेख व्हावा. आपल्या विद्यार्थ्यावर विश्वास असणे वेगळे आणि त्या विश्वासापोटी डोक्यावरचे छप्पर सावकारीत घालणे वेगळे. पदक मिळेल याची हमी कुणीही देऊ शकत नव्हते. मिळाले असते तरी त्याबरोबर पैसे येणार नव्हते, हे मास्तरांनाही ठाऊक होते.

हेलसिंकीत खाशाबांनी पहिल्या कुस्त्या झपाट्याने जिंकल्या. कॅनडाचा पोलिक्वँ, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ असे एकेक मल्ल हरले. मग जपानचा शोहाची इशी समोर आला. ती कुस्ती लांबली आणि इशीने ती जिंकली. पुढे सुवर्णपदकही त्यानेच नेले. त्यानंतर लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला खाशाबांना बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागून घ्यायला भारतीय पथकातला एकही अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. दमलेल्या अंगाने खाशाबा उभे राहिले आणि हरले. २३ जुलै १९५२ रोजी त्यांच्या गळ्यात कांस्यपदक पडले. अधिकारी जागेवर असता तर पदकाचा रंग बदलला असता का, हा वाद कराडच्या पारावर अजून संपलेला नाही आणि तो संपू नये असेच वाटते.

याच हेलसिंकीत कोल्हापूरचाच आणखी एक मल्ल, केशव माणगावे, वरच्या वजनगटात चौथा आला. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातले अंतर मॅटवर थोडेसेच असते, मॅटबाहेर आयुष्यभराचे. आणि खाशाबांचे तिसरेपणही लगेच झाकले गेले, कारण दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सला सहा-एकने हरवून सुवर्णपदक जिंकले. बलबीर सिंगने त्या एका सामन्यात पाच गोल केले होते. साहजिकच देशभर हॉकीचाच गजर झाला. हॉकी हा आपला पक्का ठेवा होता, कुस्तीतले कांस्य ही अपवादाची गोष्ट वाटली. हैदराबादी वाचकांना त्या ऑलिंपिकचा आणखी एक धागा जवळचा वाटेल. आपल्या सय्यद अब्दुल रहीम साहेबांचा फुटबॉल संघ त्याच हेलसिंकीला गेला होता आणि युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा हरून आला होता. खेळाडूंच्या पायांत नीट बूटही नव्हते असे तेव्हाचे दिवस.

देशाने फार दखल घेतली नसली तरी गावाने घेतली. कराड स्टेशनवर शंभराहून अधिक बैलगाड्या सजून उभ्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. एरवी पाव तासाच्या वाटेला त्या दिवशी सात तास लागले. सरकारी बक्षीस म्हणाल तर त्या वेळी द्यायलाच काही नव्हते. पद्म पुरस्कार १९५४ पासून सुरू झाले, अर्जुन पुरस्कार १९६१ पासून. मिरवणुकीचा गुलाल झटकून खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि जमलेल्या बिदागीतून खर्डेकरांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदकाचा पहिला आर्थिक हिशोब हा असा होता.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. खेळाडूला पोटापाण्यासाठी पोलीस किंवा रेल्वे हेच दोन दरवाजे तेव्हा उघडे असत. आपल्या हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ याच रीतीने उभा राहिला होता. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचे ऑलिंपिक हुकले. खात्यातल्या स्पर्धा जिंकत, मुलांना शिकवत सत्तावीस वर्षांची नोकरी झाली आणि सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतरची पेन्शन मिळवण्यासाठी त्यांना झगडावे लागले. इशी आणि मम्मदबेयोव्हपुढे न दमलेला माणूस कार्यालयांच्या जिन्यांवर दमला असे म्हटले तर फार चूक होणार नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत मशाल घेऊन धावण्याचा मान मात्र त्यांना मिळाला.

१९८४ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचे ऑलिंपिक संपले. भारताला एकही पदक मिळाले नव्हते. पी. टी. उषाचे कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले होते. ते ऑलिंपिक संपल्यावर दोनच दिवसांनी, १४ ऑगस्टला, खाशाबा रस्त्यावरच्या अपघातात गेले. वय अठ्ठावन्न. वैयक्तिक पदकांच्या यादीत स्वतंत्र भारताच्या नावापुढे तेव्हाही त्यांचे एकट्याचेच नाव होते. दुसरे नाव यायला १९९६ साल आणि लिअँडर पेस यावा लागला. चव्वेचाळीस वर्षे!

मान मरणानंतर आले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार, मग अर्जुन पुरस्कार, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव. महाराष्ट्र आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. पण गोळेश्वरला त्यांच्या नावाने व्हायचे कुस्ती संकुल इतके रखडले की २०१७ साली घरच्यांनी ते पदकच लिलावात काढून पैसा उभा करण्याची भाषा केली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले तेच पदक विकायला निघण्याची वेळ यावी!

आता दिवस पुष्कळ पालटले आहेत. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी केंद्राकडून सुवर्णाला पंचाहत्तर लाख, रौप्याला पन्नास आणि कांस्याला तीस लाख असा दर होता. हरियाणा सुवर्णाला सहा कोटी देते, कांस्याला अडीच. केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेल्या या बक्षिसावर आयकरही लागत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याच्या १०(१७अ) कलमात ती सवलत दिलेली होती. एखाद्या खाजगी कंपनीने हौसेने दिलेल्या रकमेला मात्र ही सूट आपोआप मिळत नाही, तिचा हिशोब खेळाडूला द्यावा लागतो. आपल्यातल्या सनदी लेखापालांना हे माहीत असेलच. खाशाबांच्या वाट्याला हा प्रश्न कधी आला नाही.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेले हे पहिले वैयक्तिक पदक, बहात्तर वर्षांनी, आणि तेही पुन्हा कोल्हापूरच्याच मातीतले. राज्य सरकारने आधी एक कोटी जाहीर केले, पुढे ते दोन कोटी झाले. रेल्वेत तिकीट तपासणारा हा मुलगा अधिकारी झाला. त्याच्या वडिलांनी हरियाणाच्या आकड्यांकडे बोट दाखवून नाराजी बोलून दाखवली, तेव्हा पुष्कळांना ते हावरेपणाचे वाटले. खर्डेकरांचे गहाणखत ज्यांना ठाऊक आहे त्यांना तसे वाटायचे कारण नाही.